सोनखताचा ट्रॅक्टर

४ जानेवारी
पोहोचले एकदाची! हामहुंग शहराहून दोन दिवस, शेवटचे चार तास बर्फातून पायी. शाळा छोटी, पण मुलं गोड. कुमसुनकाकूंकडे राहायची सोय झाली. चुलीची धग जमिनीखालून फिरवलेली, त्यामुळे जमीन छान ऊबदार. मक्याच्या भाताबरोबर किमची दोनदा मागून घेतली. त्यांची सात वर्षांची मुलगी उनब्योल गरोदर बाईसारखी पोट पुढे काढून चालते. मी हसले तर म्हणते, थांबा बाई, तुमचंही होईल असंच. मोठी चुणचुणीत आहे.

९ जानेवारी
शेतांसाठी सोनखत गोळा करायची मोहीम सुरू झाली. घरटी वाटा ठरलेला, म्हणून संडासांना कुलपं! शेजारणीनं आमच्याकडून दोन बादल्या चोरल्या, तर काकूंनी तिचा उद्धार केला: स्वतःचं पोट साफ होत नाही म्हणून माझ्या घरचं नेतेस का गं? हसून हसून पुरेवाट झाली. मग किमचीतला कोबी कशावर वाढला ते लक्षात आलं. तरी खाल्ली. दुसरं आहे काय?
आईनं कोटाच्या अस्तरात जंताच्या तीन गोळ्या शिवून दिल्यात. आठवड्याला एकच घे, म्हणाली होती. इथे कुणाला सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी
वर्गात उनब्योलला उलटी झाली. त्यात जंत, वीतभर लांब, जिवंत. तिनंच चिमटीत धरून बाहेर टाकले. म्हणाली, घाबरू नका बाई, चावत नाहीत ते.
मला त्या अस्तराची लाज वाटली. तिन्ही गोळ्या तिला एकदम दिल्या.

१७ जानेवारी
उनब्योलचं पोट दगडासारखं घट्ट. हिरव्या उलट्या. गावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय दिलंत? सांगितलं. जंत लुळे पडून आतड्यात अडकलेत, म्हणाले. लवकर ऑपरेशन झालं तर वाचेल, तेही जिल्ह्याच्या गावी. तिकडे जाणारा एकच ट्रॅक्टर, सोनखताचा. गावाचा वाटा भरल्याशिवाय तो हलत नाही.
काकू माझे हात धरून म्हणतात, तुम्ही नसतात तर औषध कुठून आणलं असतं हो मी.

१८ जानेवारी
सहा बादल्या कमी. दारोदार फिरले. शेजारीण रडत आली, चोरलेल्या दोन्ही घेऊन. अजून चार—

१९ जानेवारी
वाटा भरला, निघालो. खताच्या ढिगावर पोतं टाकून बसलेय, ती मांडीवर. काकू पुढे ड्रायव्हरजवळ. सारख्या विचारतात, झोपलीय ना? हो म्हणते.
अंग गार— थंडीनं असेल.
ओठ हलले. हाक मारतेय वाटून कान लावला. श्वास नाही. ओठ हलताहेत तरी—
काकू विचारताहेत, काय म्हणतेय हो ती? काय सांगू, तिच्या तोंडातून—