मी लहानपणी कशी होते

३ जाने. १९९६, जळगाव
सकाळी दिरांच्या ओट्यावर चहा घेताना आठवलं. मी सहा वर्षांची, थोरली बहीण अक्का अठराची. ती माझ्या वेण्या घालतेय. एक झाली, दुसरीचे पेड तिच्या हातात, तेवढ्यात गल्लीत ढोलकी वाजली आणि मी पसार. त्या दिवशी एकाच वेणीने कॉन्व्हेंटला गेले. सिस्टरांनी दारातच धरलं, हसत दुसरी घातली. ‘स्टँड स्टिल, चाइल्ड.’ किती मायेने म्हणायच्या.
थंडी छान आहे. उद्याच धुळ्याला अक्काकडे जायचं होतं, पण पर्स दादरच्या भाचीकडे राहिली. ती कोणाबरोबर तरी पाठवतेय.

५ जाने.
पर्स आली. आत चष्माही निघाला, तो हरवला असं धरून चालले होते.
क्लीव्हलँडहून ह्यांचा फोन. ‘अक्कांशी बोललीस?’ अजून नाही म्हटलं. ‘लवकर बोल,’ म्हणाले. गॅस चालू ठेवून मी कामावर गेले, त्या दिवशी घरी हेच आधी पोचले होते.
मीराला (नात, नऊ वर्षांची) शाळेने तपासायला पाठवलं तिथून हे सुरू झालं. डॉ. बाई शुभाला, माझ्या लेकीला, प्रश्न विचारत होत्या, मीरा अर्धवट सोडते का, वस्तू हरवते का, आणि कोपऱ्यात बसून मी मनात हो हो म्हणत होते. लक्ष न टिकण्याचा आजार. ए.डी.डी. मी समजत होते आईसारखा विसराळूपणा लागला, आता सगळं जाणार. लायब्ररीतली नोकरीही जायच्या बेतात.
डॉ. बाई म्हणाल्या, मोठ्यांनाही असतो, औषधही आहे. पण लहानपणापासून असायला हवा, आणि ते लहानपण पाहिलेल्या कोणीतरी सांगायला हवं. असं माणूस आता एकच उरलंय.

७ जाने., धुळे
पारोळ्यामार्गे एस.टी. अक्का वाटच बघत होती. भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. पोटभर जेवले आणि विषय काढलाच नाही. भित्री.
नोव्हेंबरातला तो फोन डोक्यातून जात नाही. डॉ. बाईंच्या खोलीतून शुभाने लावलेला. डॉ. बाई विचारणार, शुभा मराठीत सांगणार. अक्का ठणठणीत आवाजात, ‘अगदी शांत मुलगी. बसवलं तिथे बसायची. कामाला चपळ, वळण उत्तम.’ डॉ. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग लहानपणी काहीच नव्हतं तर, म्हणाल्या.
हेच शब्द, याच क्रमाने, मी पडद्यामागून ऐकलेत. मला बघायला मंडळी यायची तेव्हा.

८ जाने.
विचारलं एकदाचं. अक्का भाजी निवडत होती.
‘परकं माणूस घरच्या मुलीची चौकशी करतंय. मी काय उणं सांगू?’
‘अगं, मी सत्तावन्न-अठ्ठावन्नची. तेहतीस वर्षं संसार झाला. आता कोण नाकारणार मला?’
‘तुला नाही गं. मीराला. घराण्यात आहे म्हटलं की झालं.’
मीरा नऊ वर्षांची, क्लीव्हलँडात. हसू आलं, पण अक्का हसत नव्हती. मीराला आता औषध सुरू आहे, परवा तिने पहिल्यांदा एक गोष्ट शेवटापर्यंत वाचली, हे सांगायला लागले. रंगात आले. मान वर न करता अक्काने हात लांब केला आणि गॅस बंद केला. दूध उतू चाललं होतं. मी ठेवलेलं.
फडकं घेत अक्का, ‘हे असलं विचारायचंय का त्या बाईला?’
‘हो.’
‘मग आधी सांगायचंस ना! याला तर दिवस पुरायचा नाही.’ आणि दूध पुसता पुसता, तोंडातल्या तोंडात, ‘बठ्ठं माले ठाऊक शे.’ सगळं ठाऊक आहे म्हणे.

११ जाने.
संध्याकाळी चौकातल्या एस.टी.डी. बूथवरून डॉ. बाईंच्या खोलीत फोन. तिकडे सकाळ. अक्का इस्त्रीची साडी नेसून.
सुटलीच. दह्याला पाठवलं तर ही भांडं पारावर ठेवून माकडवाल्यामागे गेली. भुसावळला मामांबरोबर उतरायचं, तर मामा खाली आणि ही खिडकीत, थेट बोदवड. पलीकडून शुभा ओरडतेय, ‘मावशी, थांब गं, मला इंग्रजीत सांगू दे!’
डॉ. बाईंनी विचारलं, मग घरी कोणाला काळजी वाटली नाही?
अक्का म्हणाली, ‘कशाला वाटेल? घरात बारा माणसं. कोणी ना कोणी चूल बघायचं, कोणी हिला बघायचं.’ मग हळूच, ‘तिकडे कोण आहे तिच्याजवळ? तिचे यजमान तर दिवसभर कामावर.’
मला पुढचं ऐकू आलं नाही. बूथच्या काचेकडे बघत उभी राहिले.

१२ जाने.
शुभाचा फोन. डॉ. बाईंनी बरंच लिहून घेतलं. नक्की काही म्हणाल्या नाहीत. आल्यावर भेटायचं, रक्तदाब बघायचा, मग गोळीचं. या वयात द्यावी की नाही, तेही बघतील. द्यावी. नाही दिली तरी...
आज फार हलकं वाटतंय.

१४ जाने.
परवा निघायचं. अक्का बांधून देतेय, मी लिहितेय, नाहीतर कोणाचं कोणाला जाईल.
ज्वारीच्या बिबड्या (पापड) मीराला. सगळ्या. तळताना शुभाने जवळ उभं राहायचं. कळण्याचं पीठ शुभाला. लसणाची चटणी ह्यांना, आणि गॅसच्या त्या दिवसाबद्दल एक नीट सॉरी, तेही माझ्याकडून बाकी आहे. माझी शाल इथेच, अक्काला, ती नको म्हणेल तरी. दिरांकडे राहिलेली छत्री त्यांनीच वापरावी.
हिरवा खण डॉ. बाईंना. मी म्हटलं, अक्का, अजून कशात काही नाही, त्या नाहीही म्हणतील.
‘म्हणू दे. तू कशी होतीस ते तिने विचारलं ना? तिला दे.’