मेकॅनिकला यानाबाहेर काढल्याबद्दल

दादा,

मी मावशीकडे चाललोय. परत कधी येईन ते ठरवलेलं नाही. दूध तापवून ठेवलंय. जेवणाच्या टेबलावरचा अंतराळयानाचा नकाशा आणि फासे तेवढे आवर, आईला ताटं ठेवायला जागा नाही.

काल खेळात यानातली हवा चौघांपुरतीच उरली आणि आपण पाच जण होतो. कुणाला तरी बाहेर ढकलणं भागच होतं. माझ्या वाट्याला आलेला मेकॅनिक मेला, त्याबद्दल तक्रार नाही. मेलेल्याने उरलेल्यांसाठी चहा करायचा हा आपला नियम, तोही मी मेल्या मेल्या पाळला.

पण मत देताना तू म्हणालास, "ह्यालाच काढा. ह्याचा तसाही काही उपयोग नाही." हे बाबांचं वाक्य आहे, दादा. जेवताना ते असं म्हणाले की तू टेबलाखालून पाय मारून मला हसवतोस. काल तुझा आवाजसुद्धा हुबेहूब त्यांचा होता. तुझे मित्र हसले. मीही हसलो, प्रेताने तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही.

बाबांनी विचारलं तर सांग, "तुमचं आणि माझं एकमत झालं, म्हणून तो गेला."