दसरूची कापलेली सावली

कुरखेडा, ४ एप्रिल १९५६

ती. चैतूभाऊले मैनाचा शि. सा. न. वि. वि.

रातभर डोया लागला नाई भाऊ. दसरूचं आंग तव्यावानी तापून राह्यलं, दूध बी ओढत नाई. मार्कंड्याच्या जत्रेत सावल्या कापणाऱ्या इब्राहीमभाऊनं त्याले दिव्यापुढं धरून पडद्यावरची सावली आखली, अन् काया कागदातून बोटाएवढं तोंड कापून देल्लं. नाक, हनुवटी, सारं त्याचंच. मामाजवळ राहू दे म्हून मी तुले धाडलं. आता सासूबाई म्हणते, लेकराची सावली कापून परगावी धाडली, त्याचा जीव तिच्यामागं चालला. सावली घरी आल्याबिगर दवाखान्यात न्यायचं नाई म्हणते. घरधनी सिरोंच्याकडं बांबू तोडीले गेले. मी एकटी कोणाकोणासंग भांडू? ते चित्र धाड, लवकर धाड.

माया राहू दे.
तुही मैना

चांदा, ७ एप्रिल

चि. सौ. मैनाले अ. आ.

लहानपणी बेडकाले भेत होती, आता कागदाले भेते काय? तुह्या वहिनीनं ते चित्र तसबिरीच्या काचेले असं चिपकवलं का निघता निघत नाई. म्हून मीच काया पुठ्ठ्यातून दुसरं कापून धाडून राह्यलो. म्हातारीले काय समजते? तिच्या हाती दे अन् लेकराले डॉक्टरकडं ने. मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाले चाललो. घाई असली तर इथल्या नवाबशेठच्या दुकानावर चिठ्ठी दे, तिथून डेपोत फोन लागते. भाच्याले पापा.

तुहा चैतू

कुरखेडा, १० एप्रिल

चैतूभाऊले नमस्कार.

काऊन केलं रे असं? सासूबाईनं चित्र हाती घेतलं अन् विचारलं, मानेवरची जावळाची बट कुठी गेली? जत्रेतल्या चित्रात होती. लेकराचं जावळ अजून काढलं नाई अन् मामानं टक्कल करून धाडलं! आता म्हणते, अर्धी सावली वाटेत कोणी ठेवून घेतली. दवाखान्याचं नाव काढलं का दारात आडवी बसते. खोटं कशाले बोलू, मले बी भेव वाटते. सासूबाईचं खरं असलं तर?

पण दसरू काल रडत होता, आज रडत बी नाई. सावली राहू दे तुह्या काचेत. सासूबाई तलावावर गेली का मी त्याले पदरात घेऊन गडचिरोलीच्या मोटारीत बसते. चिठ्ठी चांद्याच्या मोटारवाल्याजवळ देऊन राह्यली.

नवाबशेठच्या दुकानात जो कोणी हे वाचेल, त्याले हात जोडते. आलापल्लीच्या डेपोत माह्या भावाले फोन लावा. चित्र नको म्हणा. मैना लेकराले घेऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात एकटी हाये, तू तिथी ये म्हणा.