आकडा टाका

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! हवामान केंद्र म्हणजे टेकडीवरच्या दोन खोल्या. मागे कुंपणात पाऊस मोजायचं भांडं आणि पांढऱ्या जाळीदार पेटीत तापमापक. काम सोपं आहे. सकाळी साडेआठला दोन्ही बघायचे, आकडे वहीत लिहायचे आणि मुख्य कार्यालयातल्या साहेबांना फोनवर सांगायचे. शनिवारी बायको आणि मुंगी येणार. मुंगी म्हणजे आमची लेक, चार वर्षांची. प्रशिक्षणापायी सात महिने वेगळे राहिलो, आता पुरे झालं. आज पडदे धुतले, भिंतीचे जुने खिळेही काढले.

५ ऑक्टोबर
साहेबांनी विभागाचा अंदाज जाहीर केला: तीन दिवस मुसळधार पाऊस, मग थंडी. इथे सकाळी कडक ऊन! पाऊस शून्य सांगितला तर माझ्यावरच डाफरले. नवे आहात, नीट बघा म्हणे. आता काय भांड्यात डोकं घालू? कुटुंब आणायच्या परवानगीवर त्यांची सही बाकी आहे, म्हणून हो साहेब म्हणून फोन ठेवला.

६ ऑक्टोबर
रात्रीपासून धो धो. छत्री उलटी झाली, चप्पल चिखलात गेली. वैतागून परत फिरलो आणि बसल्या जागी वहीत ठोकून दिलं: ११२ मिलिमीटर. दुपारी मन खायला लागलं म्हणून भिजत जाऊन मोजलं. बरोबर ११२. मधले चार तास पाऊस कोसळतच होता, तरी ११२च. भांडंच बिघडलं असणार. इथे धड आहे तरी काय?

७ ऑक्टोबर
आज मुद्दाम न बघता ८७.४ लिहिलं. मग मोजलं. ८७.४. पुन्हा मोजलं, तेच. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आकडा टाका, गोष्टी सांगू नका.

८ ऑक्टोबर
असाच पडत राहिला तर उद्या बस येणार कशी? म्हणून शून्य लिहिलं. पेन उचललं आणि पाऊस थांबला. ओसरला नाही, एकदम थांबला. आनंद व्हायला हवा होता. वही मिटून लांब सारली. यापुढे दिसेल तेच लिहायचं, बस्स.

९ ऑक्टोबर, शनिवार
तापमान १९. तेच सांगितलं. साहेब खवळले. अंदाज थंडीचा आहे, खात्याची लाज घालवू नका, पाच लिहा म्हणे. मी नाही म्हणालो. मग परवानगीवर सही करणार नाही, बायको-पोरीला आल्या पावली परत पाठवा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. सात महिने, अहो! थंडी हवी ना? घ्या थंडी! उणे तीस लिहिलं आणि फोन आपटला.
काय करून बसलो मी हे.

साडेनऊ
भिंतींवर आतून बर्फ. वहीतला आकडा खोडायला गेलो तर शाई गोठलेली. हे पेन्सिलीने लिहितोय. कंडक्टरचा फोन आला होता — बस पायथ्याशीच बंद पडली, दोघी कधीच्या चालत निघाल्यात — अंगावर साधे सुती कपडे —

दार चौकटीत घट्ट बसलंय. खांदा लावला. खुर्ची मोडली. खिडक्यांना गज. फोन मेला. वहीचं पान काचेसारखं, पेन्सिल उमटतच नाही. म्हणून इथे डायरीतच लिहितो. १९. १९. १९ —

दाराशी मुंगी. एकटीच. आई वाटेत बसलीय म्हणते, उठतच नाही. बाबा, उघड म्हणते. मी उघडतोय गं — उघडतोय —

आता म्हणते, थंडी वाजायची थांबली. झोप येतेय म्हणते. मी ओरडतोय, झोपू नकोस, बाबाशी बोल, बोलत रा—