अक्काची सही

मंगळवार, संध्याकाळ. बेंगळूरु

इस्त्रीवाल्याने उद्याच्या शर्टाला इतकी खळ घातली आहे की तो कोर्टात माझ्याशिवायही उभा राहील. या अत्याचाराचा मी येथे विधिपूर्वक निषेध नोंदवतो.

उद्या माझी साक्ष. थोरला अण्णा, अक्का आणि मी घराण्याच्या ट्रस्टचे विश्वस्त. इतिवृत्त लिहिण्याची कारकुनी माझी. सभा दरवर्षी गौरीच्या जेवणानंतर, आणि इतिवृत्त आदल्या दिवशीच तयार! त्या वर्षी अण्णाने ट्रस्टचं घर स्वतःच्या मुलाला भाडेपट्ट्याने द्यायचं ठरवलं. तो ठराव लिहिलेली वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. अक्काचे हात पुरणाने माखलेले.

"काय लिहिलंयस रे?"

"नेहमीचंच, अक्का."

"सरी, सरी. बरं, दे इकडे."

सहीशेजारी पुरणाचा डाग पडला.

आता अक्का त्या भाडेपट्ट्याविरुद्ध कोर्टात गेली आहे; म्हणते, मला कुणी विचारलंच नाही. अण्णाचे वकील आज म्हणाले, "सही आहे ना? ताई सभेला होत्या, एवढंच सांगा." तो डागसुद्धा म्हणे तिच्या हजेरीचा पुरावा. पुरणाला एवढी प्रतिष्ठा!

अक्का खरं बोलते आहे. तेव्हा अण्णाच्या धाकाने मी तिच्याशी खोटं बोललो. उद्या शपथेवरही तेच करीन, याची मला भीती वाटते.