अजनीपर्यंतचा वाचनवर्ग

सक्करदरा, नागपूर
९ मार्च १९७३

तीर्थरूप बाबारावमामांस,

चारुशीलेचा वाकून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? तेल नियमानं लावता, की मामीनं आठवण करून दिली की तिच्यावरच रागावता? इकडे आईचा खोकला थांबला आहे, आणि माझी नोकरी हे पत्र लिहीपर्यंत तरी टिकली आहे. तेव्हा सगळं ठीक म्हणायला हरकत नाही.

भंडाऱ्याहून आलेलं आपलं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर आपण एकच ओळ लिहिली: 'वामनराव सांगतात ते रेल्वेचं खरं आहे काय, सविस्तर कळव.' खरं आहे, मामा. मात्र वामनरावांनी आपल्याला शेवट आधी सांगितला असणार. मी सुरुवातीपासून सांगते, म्हणजे शेवटाला येईपर्यंत आपला राग निम्मा उतरलेला असेल.

आमच्या महिला मंडळानं दुपारी दोन ते चार बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला, शिकवायला मला नेमलं, हे आपल्याला माहीत आहेच. (आपणच वामनरावांना, म्हणजे मंडळाच्या सचिवांना, माझं नाव सुचवलंत. आता पस्तावत असाल.) जागा कांताबाईंच्या घरची पुढची खोली. विद्यार्थिनी अकरा. त्यांतल्या तिघींची नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे. एक स्वतः कांताबाई, घरमालकीण, वय पंचावन्न, विधवा, बोलणं कमी. दुसरी रंभाबाई, घरी दोन म्हशी, दूध घालायला चार गल्ल्या, बोलणं अजिबात कमी नाही. आणि तिसरी गोपिका, कुहीकडची, लग्न होऊन वर्ष झालेली, सातवी पास, हातात पडेल तो कागद वाचणारी.

वामनरावांनी पाठ्यपुस्तकं आणून दिली होती. पहिल्या धड्यात गाईचं चित्र, खाली वाक्य: ही गाय आहे. त्याखाली प्रश्न: ही गाय आहे काय? मी इंग्रजीत प्रश्न विचारला, मराठीत अर्थ सांगितला आणि उत्तराची वाट पाहू लागले. शेवटी रंभाबाई म्हणाली, "बाई, आताच तं तुमी सांगतलं का गाय आहे. मंग आमाले इचारून काहून राहिल्या?" दुसऱ्या आठवड्यात अकरांच्या सात झाल्या. गाय मात्र तिथंच उभी होती.

मग एके दिवशी गोपिका सासऱ्यांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. त्यावर काय लिहिलंय ते तिला हवं होतं. मी फळ्यावर लिहिलं: शेक वेल बिफोर यूज, वापरण्याआधी चांगलं हलवा. इतकंच. पण त्या सात जणी अशा पुढं सरकल्या की मला वाटलं बाटली फुटते. हे घरात रोज दिसणारं वाक्य होतं, आणि ते आपल्यालाच उद्देशून लिहिलेलं आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. कांताबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आजवर आपण वरचं पाणीच पेत होतो." रंभाबाईनं बाटलीवरचं वाक्य दुसऱ्याच सकाळी तिच्या नवऱ्यावर चालवून पाहिलं. (तो सकाळी लवकर उठत नाही.) ते लागू पडलं असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायका घरात जे जे इंग्रजी सापडलं ते घेऊन आल्या. काडेपेटी, साबणाचा कागद, खताचं रिकामं पोतं, विजेचं बिल, सिनेमाची जाहिरात, आणि एकीनं तर नवऱ्याचा शर्ट, कारण कॉलरच्या आत काहीतरी छापलेलं होतं. मामा, मी खोटं सांगणार नाही, मला या सगळ्याची फार गंमत वाटू लागली. मीही रस्त्यानं चालताना वाचत सुटले. दवाखान्याच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, लॉन्ड्रीच्या पावत्या. पंधरा वर्षं इंग्रजी शिकून मी गावात एवढं इंग्रजी आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. शेजारच्या वकिलांकडून आम्ही आदल्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र आणू लागलो. लग्नाच्या जाहिराती सगळ्यांत आवडल्या. 'होमली' म्हणजे घरात रमणारी, असं मी सांगितल्यावर रंभाबाईनं विचारलं, "मंग बाकीच्या का झाडावर राह्यतेत?" कांताबाईंच्या रेडिओवर दुपारच्या इंग्रजी बातम्या लावून ओळखीचे शब्द बोटांवर मोजायचा खेळ सुरू झाला. पहिल्या दिवशी तीन शब्द, महिन्याभरानं एकोणीस. गोपिकेचं निरीक्षण असं, की हा माणूस पूर आला तरी आणि मंत्री आला तरी एकाच आवाजात सांगतो. मी इतकी वर्षं बातम्या ऐकते, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. सातांच्या पुन्हा अकरा झाल्या. पाठ्यपुस्तकं कांताबाईंच्या फळीवर नीट ठेवलेली आहेत, त्यांना ओल लागलेली नाही.

आता रेल्वे. मला वाटलं, इंग्रजी वाचायचं तर नागपूर स्टेशनासारखी जागा नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी अकरा जणींना घेऊन गेले, सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. त्या दिवसाचा विषय होता वेळापत्रक वाचणं. एक पॅसेंजर समोर उभीच होती, आणि बोर्ड बघून मी सगळ्यांना समजावून सांगितलं की ही गाडी अजून चाळीस मिनिटं इथं आहे. (बोर्डावर गाड्यांच्या ओळी एकीखाली एक खेटून असतात. माझं बोट एक ओळ खाली गेलं. वर्गातल्या बाकी कुणाची ही चूक झाली नसती, हे मी कबूल करते.) गोपिका म्हणाली, डब्यात आत काय काय लिहिलेलं असते ते पाहू. मलाही पाहायचं होतं. आम्ही बाराही जणी चढलो.

साखळीखालची पाटी रंभाबाई अक्षर अक्षर लावून वाचत होती. टु स्टॉप ट्रेन, पुल चेन. गाडी थांबवायची तर साखळी ओढा. तिला इतका आनंद झाला की तिनं ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचत असताना गाडी हलली.

मी ओरडले, "रंभाबाई, ओढा."

रंभाबाईचा हात साखळीवर होता. पण तिनं ओढली नाही. "खाली आणखी लिहून आहे, बाई. आधी पुरं वाचू द्या."

खालची ओळ गोपिकेनं वाचली. 'पेनल्टी' तिला येत होतं, ते विजेच्या बिलावर असतं. 'विदाउट' औषधाच्या बाटलीवरून येत होतं. अडलं ते 'रीझनेबल अँड सफिशिएंट कॉज' इथं. धावत्या गाडीत मी त्याचा अर्थ सांगितला: पटण्याजोगं आणि पुरेसं कारण. मग आपलं कारण पटण्याजोगं आहे काय, यावर चर्चा झाली. एक म्हणाली, घरी म्हातारी सासू एकटी आहे. दुसरी म्हणाली, सासू दोन तास एकटी राहिली तं काही होत नाही. रंभाबाई म्हणाली, "चूक बाईंच्या बोटाची. गाडीची का चूक आहे? तिले थांबवणं बरोबर नाही." हा निकाल सगळ्यांना मान्य झाला तोवर पुढचं स्टेशन, अजनी, आलं होतं.

अजनीच्या फलाटावर तिकीट तपासनीसांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं. वयस्कर गृहस्थ होते, उगाच आवाज न चढवणारे. प्लॅटफॉर्म तिकिटांवर प्रवास करणाऱ्या बारा बायका त्यांनी नोकरीत पाहिल्या नसाव्यात. त्यांनी एका कागदावर इंग्रजीत जबाब लिहिला आणि सह्या करायला पुढं केला. मी मान खाली घालून पेन घेतलं.

पण कांताबाईंनी माझा हात धरला. मामा, या बाईंनी जन्मात तीनदा कागदावर अंगठा उठवला होता, आणि तिन्ही वेळा कागदात काय होतं ते पुढं कुणाकडून तरी कळलं होतं. हे त्यांनी मला नंतर घरी सांगितलं. तिथं त्या इतकंच म्हणाल्या, "गोपिका, वाच बरं बेटा."

गोपिकेनं वाचलं. अडखळत, पण सबंध. आम्ही बाराजणी 'फॉर जर्नी' डब्यात चढलो, असं त्यात होतं.

"जर्नी म्हणजे प्रवास," रंभाबाई तपासनीसांना म्हणाली. "आमी प्रवासाले नव्हतो चढलो, साहेब."

"मग कशाला चढला होता?"

"वाचाले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी 'जर्नी' शब्द खोडला, वर 'रीडिंग' असं लिहिलं आणि बाजूला स्वतःची लहान सही केली. कांताबाईंनी कागद पुढं ओढून घेतला आणि इंग्रजी अक्षरांत आपलं नाव लिहिलं. पाच मिनिटं लागली. तपासनीस तोवर उन्हात उभे होते. दंड आम्ही सगळ्यांनी मिळून भरला आणि परत यायला रीतसर तिकिटं काढली. परतीच्या गाडीत कुणी काही वाचलं नाही.

वामनरावांना हे त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाईंच्या दाराला त्यांच्या हातची नोटीस चिकटलेली होती, इंग्रजीत, कारण वामनरावांना राग आला की ते इंग्रजीत येतात. पुढची सूचना मिळेपर्यंत वर्ग बंद राहील, असा मजकूर. मंडळाचा विचार तिथं शिलाईचा वर्ग काढण्याचा होता, हे मला आधीपासून माहीत होतं. मी नोटीस वाचली आणि सरळ घरी आले. खोटं कशाला सांगू, आल्यावर रडले.

मी गेल्यावर दोन वाजता बायका कांताबाईंकडं आल्या. त्यांनी नोटीस वाचली. 'अनटिल फर्दर नोटीस' म्हणजे आणखी एक नोटीस यायला पाहिजे, एवढं त्यांना समजलं. ती कुणी लिहायची, हे वामनरावांनी लिहिलं नव्हतं. म्हणून गोपिकेनं वहीचा कागद फाडला आणि खाली दुसरी नोटीस लावली: फर्दर नोटीस. द क्लास शॅल बी ओपन. ऑल लेडीज शॅल कम अॅट टू.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी कांताबाईंकडं गेले ती सामान आणायला. वामनराव दारात उभे होते. चष्मा पुसून त्यांनी ती दुसरी नोटीस तीनदा वाचली. ते चूक शोधत होते, मामा, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं, 'लेडीज'मध्ये राहून गेलेलं एक अक्षर घातलं, आणि आत अकरा जणी बसल्या होत्या त्यांच्याकडं न पाहता निघून गेले. आपण दुरुस्त केलेली नोटीस आपणच कशी फाडायची, हा त्यांचा पेच असावा. शिलाईचा वर्ग आता सकाळी भरतो, आमचा दुपारी.

असं आहे सगळं. मामीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्यांना जपावं.

आपली भाची,
चारुशीला

ता. क. शेजारचे वकील दुसरीकडं राहायला गेले आहेत. आपल्याकडं इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी असेल तर विकू नये.

ता. क. दुसरा. रद्दीसाठी एवढं लांब पत्र लिहिलेलं नाही, हे आपण ओळखलंच असेल. परवा रंभाबाईनं विचारलं, त्या नोटिशीत 'शॅल' काहून, 'विल' काहून नाही. मी म्हटलं, तशी पद्धत आहे. ती म्हणाली, पद्धत कोणी पाडली. मामा, मला येत नाही. आपण मला हे ओसरीवर बसवून चार उन्हाळे शिकवलं आणि मी चारही उन्हाळे बाहेर बघत होते. आता अकराही जणींना व्याकरण पाहिजे आहे, आणि तेही सगळं, पहिल्यापासून. मी त्यांना सांगून टाकलं आहे की माझे मामा येत्या बुधवारी येणार आहेत. त्यांनी ते फळ्यावर लिहायला घेतलं आणि तिथंच अडल्या. तेव्हा आपण 'शॅल कम' की 'विल कम', ते येऊन आपणच सांगा. तोवर त्या शब्दाची जागा मोकळी ठेवली आहे.