छकुलीला ऊन लागलं

२ मे १९९८, शनि.
तीन दिवसांची रजा मिळाली. आटगावहून सासुरवाडीला आलो. सुनंदाचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याशी, मेव्हणा भास्कर शेती बघतो. उकाडा असह्य. पत्रे तापलेले, पोरं किरकिर करतायत. नितीन नऊचा, छकुली पाचची. म्हटलं उद्या कोंडावर नेतो. जंगलातल्या नदीचा डोह तो, पाणी मेमध्येही असतं. चालत तासभर.
भास्कर म्हणाला, "पहाटे निघा भावोजी, नवाच्या आत घरी या. मधल्या माळावर एक झाड नाय."
हो म्हटलं.

४ मे, सोम. दवाखाना, मुरबाड.
जसं झालं तसं लिहितो. नाहीतर नंतर स्वतःशीच खोटं बोलेन.
काल उठलोच उशिरा. निघायला आठ. भास्कर कामाला गेला होता, आम्ही चौघंच. कोंडावर मजा आली, हेही खरं. नितीनला पाण्यावर तरंगायला शिकवलं. छकुली काठाच्या उथळ पाण्यात बसून करवंदं खात होती, तोंड जांभळं. सुनंदासुद्धा साडी खोचून पाण्यात उतरली. लग्नानंतर तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.
दहाला ती म्हणाली, "निघूया आता." मी म्हटलं, वर्षातून एकदा येतो, भात इथेच शिजवू. साडेअकराला पुन्हा म्हणाली. मी ऐकलं नाही. निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. पाण्याच्या बाटल्या दोनच, त्या माळाच्या सुरुवातीलाच संपल्या.
छकुली म्हणाली, "बाबा, उचलून घे." मी म्हटलं, मोठी झालीस ना, चाल, थोडंच राहिलं.
थोडं नव्हतं राहिलं.
मग ती काहीबाही बोलायला लागली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. खाली पडली, आकडी आली. उचलून धावत सुटलो. वाडीतल्या एकाच्या जीपने इथे आणलं. बर्फ, ओल्या चादरी, सलाईन.
डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ उन्हात होती?
सुनंदा म्हणाली, "ह्यांना विचारा."

६ मे
छकुलीने डोळे उघडले. "आई" म्हणाली. जीभ जड वाटते. मी जवळ गेलो तर माझ्याकडेही पाहिलं, पण बोलली नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो.

१२ मे, मंगळ.
आटगावला घरी आणलं. उभी राहते, पण पाय लटपटतात. पेला धरला की पाणी सांडतं. शब्द ओढून ओढून बोलते. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण किती ते आत्ता सांगता येणार नाही. परत विचारलं. परत तेच.

१४ जून, रवि.
शाळा सुरू होतेय. छकुलीचं नाव या वर्षी घातलं नाही. नितीन एकटा जाईल. सुनंदा कामापुरतं बोलते. जेवा. डबा भरलाय. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

९ ऑगस्ट, रवि.
छकुली भिंत धरून ओटीपर्यंत आली. टाळ्या वाजवल्या तर दचकून पडली. मूर्ख आहे मी.
दुपारी नितीन शेजारी येऊन बसला. गणिताची वही हातात. नुसती पानं उलटत होता. मग म्हणाला, "बाबा, अजून एक डुबकी मारतो, असं मीच बोललो व्हतो ना? म्हणून उशीर झाला ना?"
तीन महिने पोरगा हे घेऊन फिरतोय, आणि मला माझंच पडलं होतं.
म्हटलं, नाय रे. तुझी आई दोनदा निघा म्हणाली. मी ऐकलं नाय. चूक माझी, तुझी काडीचीही नाय.
तेव्हा दिसलं, सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात तांदूळ पाखडायचं सूप. तशीच आत गेली. पण संध्याकाळी तिने स्वतःचं ताट माझ्या शेजारी वाढून घेतलं, मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

२० डिसें., रवि.
छकुली अंगणात दहा पावलं चालली, न धरता. बोलणं अजून तसंच. शेजारची पोरं नक्कल करतात. नितीन एकाला मारून आला. रागावलो नाही.

२१ मार्च १९९९
ऊन वाढतंय. छकुली दार ओलांडत नाही. "तापतं" म्हणते आणि मागे सरते. पाच-साडेपाचची उन्हं उतरली तरी तेच. मी दार लोटून घेतो. सुनंदा उठते आणि पुन्हा उघडते.

२५ एप्रिल, रवि.
काल सुनंदा म्हणाली, "पोरांना किती दिस घरात बसवायचं? मी उद्या आंबराईत नेते. सहाला निघून आठच्या आत परत." मग थोड्या वेळाने, "तुमी येणार का?"
गेलो. पाण्याचे दोन कॅन मीच उचलले. छकुलीच्या डोक्याला ओलं फडकं. सावली दाट होती, वारा होता. नितीन झाडावर चढून कैऱ्या टाकत होता. छकुली बुंध्याला टेकून बसली, नंतर एक कैरी घरंगळत सावलीबाहेर गेली तशी उठून तिच्यामागे गेली. उन्हात दोनच पावलं. साडेसातचं कोवळं ऊन.
मी ओरडलो. इतक्या जोरात की ती तिथेच बसली आणि रडायला लागली. नितीन झाडावरून खाली उतरला.
सुनंदा गेली, तिला उचललं नाही. शेजारी उन्हातच बसली, कैरी पुसून तिच्या हातात दिली. मला म्हणाली, "आता तुमची भीती पन मीच सांभाळू काय हो?" रागाने नाही. दमलेली वाटली.
परतताना छकुली मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. घर जवळ आलं तेव्हा तिने ओढत ओढत विचारलं, "पु-ढच्या रवि-वारी पन?"
सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग कॅनमधलं पाणी छकुलीच्या डोक्यावरच्या फडक्यावर शिंपडलं. छकुली उत्तराची वाट बघत चालत होती.